तानुबाई बिर्जे यांना जागा नाकारणाऱ्या पत्रकार संघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपला जिल्हा पत्रकार संघ, मराठवाडा

स. न. वि. वि.

नव्या पत्रकार भवनाच्या सभागृहात मराठी पत्रकारितेच्या पूर्वसुरींच्या तसबिरी लावायच्या, असा ठराव कार्यकारिणीने केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पत्रकार परिषदेला येणारा पुढारी, अधिकारी आणि नवखा वार्ताहर या सगळ्यांना ही माणसं समोर दिसली पाहिजेत, असंच मला वाटतं. मग यादी आली. बाळशास्त्री जांभेकर, लोकमान्य टिळक, आगरकर, कृष्णराव भालेकर, नारायण मेघाजी लोखंडे, मुकुंदराव पाटील, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, प्रबोधनकार ठाकरे आणि आपल्या मातीतले आ. कृ. वाघमारे, अनंत भालेराव. यातल्या एकाही नावाला माझा विरोध नाही, उलट भालेकर-लोखंड्यांची आठवण ठेवल्याबद्दल मी कार्यकारिणीचे आभारच मानते.

पण त्या यादीत एकही बाई नव्हती. म्हणून आम्ही काही सभासद महिलांनी सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधू' या वृत्तपत्राच्या संपादक तानुबाई बिर्जे यांचं नाव लेखी सुचवलं. त्यावर कार्यकारिणीने लेखी नकार दिला आणि त्याची तीन कारणं दिली. त्यांचा मराठवाड्याशी संबंध नाही, त्यांनी स्वतःचं पत्र काढलं नाही, पतीचंच पुढे चालवलं, आणि त्यांच्याविषयी पुरेशी माहिती मिळत नाही. ही तिन्ही कारणं मला मान्य नाहीत. बैठकीत हा विषय दोन मिनिटांत गुंडाळला गेला, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी मराठवाड्याचं. जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, त्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं ते मुंबईत. 'केसरी' पुण्याचा. लोखंड्यांचं सारं काम मुंबईच्या गिरणगावात झालं. यांच्यापैकी कोणाच्या नावापुढे आपण मराठवाड्याचा दाखला मागितला नाही, आणि मागूही नये. तानुबाईंचं 'दीनबंधू' चालू होतं त्या वर्षांत आपले जिल्हे निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभार उर्दूत, मराठी शाळा तुरळक, आणि वृत्तपत्र काढायचं तर सरकारी परवानगीचा अडसर. पुढे वाघमाऱ्यांना आपलं 'मराठवाडा' हद्दीबाहेरून काढावं लागलं आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढावं लागलं, हे आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात सांगतो. ज्या प्रदेशाला स्वतःचं मराठी वृत्तपत्र सहजी उभं करू दिलं गेलं नाही, त्याने मुंबई-पुण्यातल्या पत्रांना आपला वारसा मानलं. तो वारसा पुरुषांपुरता खुला आणि बाई आली की जिल्ह्याची हद्द आडवी, असं कसं चालेल?

आणि प्रदेशाचाच आग्रह असेल तर तो खरोखर धरू या. हैदराबाद संस्थानात सुघरा हुमायूँ मिर्झा नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १८८४ चा. त्यांनी 'अन-निसा' नावाचं बायकांसाठीचं उर्दू मासिक संपादित केलं, कादंबऱ्या लिहिल्या, प्रवासवर्णनं लिहिली, मुलींची शाळा काढली. आपले जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. आपल्या संघात उर्दू दैनिकांचे कितीतरी सहकारी आहेत. सुघराबेगमचं नाव त्या यादीच्या चर्चेत कोणी काढलं का? प्रदेशाचा निकष लावल्याने तानुबाई बाहेर जात असतील, तर त्याच निकषाने सुघराबेगम आत आल्या पाहिजेत. त्या आल्या नाहीत. मग निकष प्रदेशाचा नव्हता.

आता दुसरं कारण. ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

तानुबाईंचा जन्म १८७६ चा, पुण्यातला. वडील देवराव ठोसर हे जोतीराव-सावित्रीबाईंच्या निकटचे. मुलगी शिकली ती फुल्यांच्या शाळेत. १८९३ मध्ये तिचं लग्न वासुदेवराव बिर्जे यांच्याशी सत्यशोधक पद्धतीने झालं. वासुदेवराव बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संस्थानात ग्रंथपाल होते. म्हणजे ही बाई वाढली सत्यशोधकांच्या वळचणीला आणि संसाराला लागली ती पुस्तकांच्या घरात. पुढे वासुदेवरावांनी 'दीनबंधू' हाती घेतलं. आणि पुढे प्लेग त्यांनाही घेऊन गेला. त्या साथीने सत्यशोधक चळवळीची किती माणसं नेली ते आठवून पाहा, १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे गेले आणि मार्चमध्ये सावित्रीबाई.

१९०८ मध्ये तानुबाईंनी 'दीनबंधू'चं संपादकपद घेतलं आणि १९१२ पर्यंत सांभाळलं.

ही चार वर्षं कोणती होती ते बघा. १९०८ च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१० मध्ये प्रेस अॅक्ट आला, त्याने सरकारला छापखान्यांकडून जामीनकी मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार मिळाला. मोठमोठे संपादक शब्द तोलून लिहीत होते. पत्र चालवणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या छोट्या साप्ताहिकवाल्यांना मी सांगायला नको. कागदाची उधारी, वर्गणीची थकबाकी, कंपोझिटरचा पगार, टपालाची वेळ, आणि या सगळ्यातून अग्रलेख वेळेवर. हे सगळं एका विधवा बाईने त्या काळात केलं. विधवेनं चारचौघांत तोंड दाखवू नये अशी भल्याभल्या घरांची रीत होती, त्या काळात.

आणि तिने काय लिहिलं? १९१२ च्या जुलैमधला तिचा अग्रलेख मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल आणि बहुजन समाज या विषयावर आहे. मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिलं वाढली होती. त्यात कोण जाणार, कोणाच्या वतीने बोलणार, शेतकरी-कामकरी समाजाचं तिथं काय होणार, हा त्या वेळचा सगळ्यात कळीचा राजकीय प्रश्न होता आणि ही संपादक त्याला थेट भिडत होती. मुंबई इलाख्यातल्या बाईला त्या कौन्सिलसाठी मत देण्याचा हक्क मिळाला १९२१ मध्ये. म्हणजे जिथे तिला मतही नव्हतं, त्या सभागृहाच्या रचनेवर ती अग्रलेख लिहीत होती. बायकांनी त्याआधी मासिकं संपादित केली होती, बंगालमध्ये स्वर्णकुमारी देवींनी 'भारती' चालवलं होतं. पण राजकारणावर भाष्य करणारं वृत्तपत्र बाईनं चालवायचं, यात तानुबाईंचं नाव देशात पहिलं घेतलं जातं.

आता मला सांगा, लोखंड्यांनी 'दीनबंधू' काढलं होतं का? ते काढलं कृष्णराव भालेकरांनी, पुण्यात, १ जानेवारी १८७७ ला. पैशांअभावी ते अडचणीत आलं, मग १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं आणि नावारूपाला आणलं. आपण लोखंड्यांना 'भालेकरांचं पत्र पुढे चालवणारे' म्हणून यादीतून काढलं नाही. आपण म्हणतो, लोखंड्यांनी बुडणारं पत्र तारलं, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, थोर माणूस. अगदी खरं आहे. तेच पत्र, तीच चळवळ, तीच पैशांची ओढाताण. पुरुषाने चालतं पत्र हाती घेतलं की ते कर्तृत्व, आणि बाईने घेतलं की नवऱ्याची मिळकत सांभाळली. हा दुजाभाव आहे. कार्यकारिणीने हेतुपुरस्सर केला असं मी म्हणत नाही. पण लेखी झाला आहे, आणि त्याखाली सह्या आहेत.

आपल्यातल्या बहुतेकांची निम्मी हयात पीकविमा, टँकर, मोंढ्यातले भाव आणि कर्जमाफीच्या बातम्या देण्यात गेली. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे सुरुवातीचे भाग ज्या पत्राने छापले, ते हेच 'दीनबंधू'. मराठवाड्यातल्या वार्ताहराचं यापेक्षा जवळचं पत्र कोणतं असेल?

यात माझं काय अडलंय, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. सांगते.

मी तालुक्याच्या ठिकाणची वार्ताहर म्हणून सुरुवात केली. ओळखपत्र मिळालं पण मानधन नाही, जाहिराती आणल्या तर कमिशन. माझ्या बातम्या 'वार्ताहर' या एका शब्दाखाली छापून येत, आणि तेव्हा सगळ्यांच्याच तशा येत, त्याची तक्रार नाही. पण ज्या दैनिकात मी नंतर काम केलं तिथे मला जिल्हा पानावर बसू दिलं नाही. बायकांची पुरवणी, हळदीकुंकवाचे फोटो, शाळांची स्नेहसंमेलनं, पाककृती. टँकरच्या खेपांमधला घोळ मी गावोगाव फिरून, लॉगबुकांच्या नकला मिळवून बाहेर काढला, तर ती बातमी 'तुम्ही रात्री-अपरात्री कुठं फिरणार बाई' म्हणत दुसऱ्याच्या हाती दिली गेली आणि त्याच्या नावाने पहिल्या पानावर आली. त्या वेळी तानुबाई बिर्जे हे नाव मला माहीत असतं तर मी भांडले असते, एवढं नक्की सांगते. 'बायका हे काम करत नाहीत' या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

आज मी तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवते. वर्गात खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली असतात. त्यांची भाषा खणखणीत असते, नजर तयार असते, ग्रामसभेत काय शिजतं ते त्यांना घरातूनच ठाऊक असतं. पदवी झाली की त्यातल्या बऱ्याच जणींचं लग्न ठरतं किंवा त्या डीएड, नर्सिंगकडे वळतात, कारण घरच्यांना पत्रकार बाई कुठं दिसत नाही. जिल्ह्याच्या सभागृहात एखाद्या मुलीचा बाप कधीतरी कार्यक्रमाला येऊन बसेल, आणि समोरच्या ओळीत त्याला एक बाई दिसेल. शंभर वर्षांपूर्वीची, संपादक. याने सगळं बदलेल असं नाही. पण ते दिसणं त्या बापाच्या आणि त्या मुलीच्या हक्काचं आहे.

हा प्रश्न मुलींच्या नोकरीपुरताही नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, विधिमंडळात गेला, चौकशी समिती नेमली गेली. पण तांड्यावर आणि वस्तीवर ही गोष्ट कितीतरी आधीपासून उघड होती. ऊसतोडीला दांडी पडली की उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, पैसे कापले जातात, म्हणून पाळीच कायमची बंद करून घेणाऱ्या बाया प्रत्येक गावात होत्या. त्या बाया हे कोणाजवळ बोलणार होत्या? पुरुष वार्ताहराजवळ, पारावर? आपल्या वार्ताहरांत बाया असत्या तर ही बातमी इतकी वर्षं घराघरात कोंडून राहिली नसती. बातमीदारीत बाई नसणं म्हणजे अर्ध्या जिल्ह्याची बातमी हातची जाणं.

तिसरं कारण, पुरेशी माहिती मिळत नाही. हे अंशतः खरं आहे, तानुबाईंवर फार थोडं लिहिलं गेलं. पण माहिती मिळत नाही म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून माहिती शोधायची कोणाला गरज वाटत नाही, हे चक्र कोणीतरी तोडावं लागतं. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांवर जी आग पाखडली, तिला उत्तर म्हणून त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. म्हणजे ते एका अर्थी वृत्तपत्रांनाच दिलेलं उत्तर होतं. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, तरीही ते पुस्तक दृष्टिआड गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा कुठे महाराष्ट्राला ते नीट वाचायला मिळालं. मधल्या ९३ वर्षांत ताराबाईंविषयी 'पुरेशी माहिती' नव्हतीच. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो आज आपण वाचतो, कारण कोणीतरी त्या अंकांची फाइल जपली आणि दुसऱ्या कोणीतरी ती उघडली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, १९८९ मध्ये. कागदावर काही नव्हतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. माहिती काढणं हाच ज्यांचा धंदा, त्या पत्रकारांच्या संघाने माहिती नाही म्हणून हात वर करावेत हे मला खरंच पटत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर परिस्थिती याहून वाईट आहे. जुन्या साप्ताहिकांच्या फाइली वारसांनी रद्दीत घातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात वाळवीच्या स्वाधीन केल्या. मी स्वतः त्या कपाटांसमोर उभी राहिले आहे, पानाला हात लावला की पान तुटतं. त्या साप्ताहिकांचे संपादक तुरुंगात किंवा भूमिगत असताना अंक बाहेर कसा पडला? पत्ते कोणी लिहिले, पट्ट्या कोणी चिकटवल्या, पोलीस आले तेव्हा कागद चुलीत कोणी घातले? त्या घरांतल्या बायका आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांना विचारायला अजून कोणी गेलेलं नाही. आणखी काही वर्षांनी कोणा अभ्यासकाने विचारलं तर आपली पुढची कार्यकारिणी तेच उत्तर देईल, पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते. त्या फार मोठ्या नाहीत.

सभागृहातल्या ओळीत तानुबाई बिर्जे यांना जागा द्यावी. 'महिला कक्ष' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात नको, भालेकर आणि लोखंडे यांच्या शेजारी, कारण त्या त्याच पत्राच्या संपादक आहेत. खात्रीची तसबीर मिळाली नाही तर काल्पनिक चेहरा काढून घेऊ नये. त्यांचं नाव, 'दीनबंधू' हे पत्र आणि १९०८ ते १९१२ ही वर्षं ठसठशीत अक्षरांत लिहावीत, तेवढं पुरे. सुघरा हुमायूँ मिर्झा यांच्या नावाचा विचार उर्दू सहकाऱ्यांना सोबत घेऊन करावा.

दर्पण दिनाच्या कार्यक्रमाला दरवर्षी एक व्याख्यान स्त्री पत्रकारांच्या इतिहासावर ठेवावं, आणि वक्ता बाहेरून आणायला पैसे नसतील तर आपल्यातल्याच कोणाला तरी तयारी करायला लावावी. मी तयारी करायला तयार आहे, मानधन नको.

जिल्ह्यातल्या जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली कुठे कुठे आहेत याची यादी संघाने करावी आणि त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या घरांतल्या वृद्ध बायकांच्या मुलाखती यंदाच ध्वनिमुद्रित कराव्यात, पुढच्या वर्षावर ढकलू नयेत. माझ्या वर्गातल्या मुली हे काम करतील, संघाने फक्त पत्र द्यावं आणि एसटीचं भाडं द्यावं.

आणि शेवटचं, कार्यकारिणीत आणि अधिस्वीकृती पत्रिकेसाठी, म्हणजे पत्रकारांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, शिफारस करणाऱ्या समितीत महिला सभासद घ्याव्यात. एक नको, एकीला बैठकीत बोलू दिलं जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. किमान दोघी तरी असाव्यात.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं आणि ते पत्रकार भवनाच्या सूचनाफलकावर लावावं. नकारच द्यायचा असेल तर तोही द्यावा, पण यादीतल्या इतर नावांना जे निकष लावले तेच तानुबाईंना लावून.

कळावे,
आपल्या संघाची एक सभासद